चौथा भाग कुणाला हवा होता?

प्रकरण मुंबईतल्या एका मराठी चित्रपट निर्मितीसंस्थेचं. विनोदी मालिकेचे तीन भाग येऊन गेलेले, चौथ्याची जुळवाजुळव सुरू, आणि तो करावा की करू नये यावरून कचेरीत दोन तट पडलेले. पटकथा-सल्लागार म्हणून मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. जुने भाग पुन्हा बघायचे, नव्या भागाची वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, वाचायची, सगळ्यांशी बोलायचं आणि निर्मात्यांना एक टिपण द्यायचं, असं काम ठरलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून संस्थेचं, मालिकेचं, कलाकारांचं नाव इथे घेत नाही. कथानकातले तपशीलही थोडे फिरवलेत.

पहिला भाग लालबागच्या चाळीतल्या तीन मित्रांचा होता. तिघांचा भागीदारीत मंडप-डेकोरेशनचा धंदा. एकाच्या वडिलांचे फंडाचे पैसे त्यात घातलेले, आणि ते म्हाताऱ्याला कळायच्या आत, गणपतीच्या दहा दिवसांत परत उभे करायचे. खर्च बेताचा, चित्रीकरण खऱ्या चाळीत, त्यातही बरंचसं एकाच मजल्याच्या गॅलरीत. पहिल्या शुक्रवारी फारसं कुणी फिरकलं नाही. ज्यांनी बघितला त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं आणि तिसऱ्या आठवड्यात परळ-दादरकडे हाउसफुल्लचे बोर्ड लागले. दुसऱ्या भागात हेच तिघे लग्नाचं कंत्राट घेऊन कोकणात जातात. तो पहिल्यापेक्षा जास्त चालला, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा चांगलाही होता.

तिसरा भाग लंडनला गेला. मराठी चित्रपट लंडनला जातो तेव्हा कथेच्या गरजेइतकंच तिथल्या करसवलतीचं गणित असतं. धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण चाळीतल्या मंडपवाल्यांना तिथवर पोहोचवायला कथेत एक लॉटरी लावावी लागली, आणि ती लागली तिथून चित्रपट त्या तिघांचा राहिला नाही. तरी शुक्रवार ते रविवार मालिकेतला सगळ्यात मोठा गल्ला याच भागाने केला. सोमवारी तो बसला. मंगळवारपासून शो कापायला सुरुवात झाली.

निर्मात्यांसमोर वितरक तो रविवार ठेवत होते आणि दिग्दर्शक तो सोमवार.

वितरकांचं म्हणणं आधी सांगते, कारण बाहेरच्यांना तो निव्वळ लोभ वाटतो. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात गल्ल्याच्या वाटणीवरून जुंपली होती. एप्रिलपासून दोनेक महिने नवे मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत. जूनमध्ये तडजोड झाली ती अशी: कर वजा जाता उरलेल्या गल्ल्यातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३०. मराठीत सौदा चित्रपटागणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण बोलणी याच उतरंडीवरून सुरू होतात.

आता दोन चित्रपट घ्या. दोघांचाही एकूण गल्ला १ कोटी. एकाने त्यातले ७० लाख पहिल्याच आठवड्यात केले, दुसऱ्यात २० आणि तिसऱ्यात १०. वितरकाच्या हाती ४७ लाख २५ हजार येतात. दुसऱ्या चित्रपटाने सावकाश, ३०, ३०, २५ आणि १५ असे चार आठवड्यांत तेवढेच केले, तर हाती येतात ४१ लाख ६२ हजारांच्या आसपास. प्रेक्षकांनी सारखेच पैसे मोजले, तरी साडेपाच लाखांचा फरक पडला. तोही दुसरा चित्रपट चौथ्या आठवड्यापर्यंत पडद्यावर टिकला तर. एवढी कळ काढणारा मल्टिप्लेक्सवाला मी अजून पाहिलेला नाही. शुक्रवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की रविवारचं वेळापत्रक बदललेलं असतं.

त्यात शोच्या वेळेचं दुखणं. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावणं सक्तीचं केलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ अशी वेळ जाहीर झाली, मग गदारोळ झाला आणि ती दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. दुपारी साडेबाराला नोकरदार माणूस चित्रपट बघायला कुठून येणार, हे कुणी विचारू नये. वितरक मला म्हणाले, “मॅडम, नवीन नावाला मला साडेबाराचा शो मिळतो. जुन्या नावापुढे आकडा लावला की सातचा मिळतो. मी आकडा मागणार नाही तर काय करणार?” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ओटीटीवाले अलीकडे तिकीटखिडकीचे आकडे बघून भाव करतात, त्यामुळे पहिल्या आठवड्याचं महत्त्व आणखी वाढलंय.

हे सगळं ऐकल्यावर मला एवढं कळलं की चौथ्या भागाची गरज खरी होती, पण ती पहिल्या आठवड्याची गरज होती. गोष्टीला त्याची गरज आहे का, हे कुणी विचारलेलंच नव्हतं. चित्रपट महामंडळाकडे नाव नोंदवून झालं होतं. पोस्टरचं एक डिझाइन भिंतीवर लागलं होतं, त्यात तिघे बुर्ज खलिफासमोर फेटे बांधून उभे. वनलाइन मात्र दीड पानाची. दुबईतल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा मंडप घालायला तिघांना बोलावणं येतं, तिथे मूर्ती चोरीला जाते, तिघांवर आळ येतो, धावपळ, गाणं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, मध्यंतरानंतर, कंसात लिहिलं होतं: “इथे इमोशनल सीन.” कुणाचा, कुणाशी, कशावरून, काही नाही. मला आख्ख्या प्रकरणाचं निदान त्या एका ओळीत दिसलं.

निर्माते वाईट माणूस नाहीत, हेही लिहून ठेवते. तीन चित्रपटांत कमावलेले पैसे त्यांनी मधल्या दोन वेगळ्या चित्रपटांत घातले आणि ते दोन्ही पडले. “ताई, माझ्याकडे विकण्यासारखं हे एकच नाव आहे,” असं त्यांनी सरळ सांगितलं. मात्र एक हिशेब त्यांनी मांडला नव्हता. भाग वाढतो तसं मानधन वाढतं. पहिल्या भागातले तिघे नाटकातून आलेले, जेमतेम ओळखीचे चेहरे होते. चौथ्यासाठी त्यातल्या दोघांनी सांगितलेल्या आकड्यांत पहिला भाग जाहिरातीसकट उभा राहिला असता. तिसऱ्याने तर नकारच दिलेला. हिंदी वेबमालिकांत त्याचं बरं चाललंय, आणि लंडनच्या भागात आपल्याला फक्त घसरून पडायला ठेवलं होतं, हा त्याचा राग रास्त होता.

वीरा देसाई रोडवरच्या कचेरीत मोठी बैठक झाली. अशा बैठकीत दाखले फेकले जातात, तसे तिथेही फेकले गेले. सुरुवात निर्मात्यांच्या पुतण्याने केली. तो सोशल मीडिया बघतो आणि त्याला चौथा काय, सातवाही भाग हवाय. “ताई, बॉन्ड बघा. पंचवीस चित्रपट!” आकडा बरोबर आहे. इऑन प्रॉडक्शन्सने १९६२ ते २०२१ या काळात बॉन्डचे २५ चित्रपट काढले आणि त्यात सहा नट बॉन्ड झाले. पण बॉन्डला फार काळ मागचं काही आठवतच नसे. नवी कामगिरी, नवा खलनायक, पाटी कोरी. डॅनियल क्रेगच्या पाच चित्रपटांत त्याला सलग आयुष्य दिलं, प्रेम दिलं, मूल दिलं, आणि पाचव्याच्या शेवटी मारून टाकावं लागलं. आमच्या तिघांना पहिल्या दिवसापासून आईबाप आहेत, उधाऱ्या आहेत, चाळ आहे. त्यांची पाटी कोरी करता येत नाही. लंडनच्या भागात ती करून बघितली, त्याचा सोमवार समोर होता.

दिग्दर्शकाने मग ‘टॉय स्टोरी’ काढली. त्याचं म्हणणं, तिसऱ्या भागात, २०१० साली, अँडीने खेळणी दुसऱ्या मुलीच्या हवाली केली आणि गोष्ट संपली. तिथेच थांबायला हवं होतं. मला स्वतःला हे पटतं. पण २०१९ च्या चौथ्या भागाने जगभरात १ अब्ज डॉलरच्या वर गल्ला केला आणि ऑस्करही नेलं, तेव्हा हा दाखला त्याच्याच अंगावर आला. पुतण्या खूश झाला. मग कुणीतरी मार्व्हलचं नाव घेतलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’साठी मुंबईत पहाटेचे शो लागले होते; चार वर्षांनी आलेल्या ‘द मार्व्हल्स’ने त्या सबंध मालिकेतला सगळ्यात कमी गल्ला केला. त्यावर उलट बाजूने ‘टॉप गन’ आला: १९८६ नंतर थेट २०२२, आणि दणदणीत चालला. चहा थंड होईपर्यंत हे चाललं. दाखला पाहिजे त्या बाजूचा मिळतो. हॉलिवूडचे दाखले तर मराठी बैठकीत शोभेपुरतेच असतात, कारण तिकडे एका भागाच्या जाहिरातीला जे लागतं त्यात आपला एका वर्षाचा धंदा निघेल.

मला जवळचे दाखले जास्त उपयोगाचे वाटले. ‘दृश्यम’चा दुसरा भाग उभा राहिला, कारण पहिल्यात प्रेत पोलीस ठाण्याखाली पुरलेलं होतं. ते तिथे असेपर्यंत प्रेक्षक घरी जाऊन झोपू शकत नव्हता. ‘मुन्नाभाई’ २००३ मध्ये आला, २००६ मध्ये दुसरा आला, आणि दुसऱ्याने त्याच मुन्ना-सर्किटला महात्मा गांधींसमोर उभं करून पार वेगळी गोष्ट सांगितली. तिसऱ्याची चर्चा इतकी वर्षं चालू आहे, चित्रपट आलेला नाही, आणि त्यामुळे आधीच्या दोघांचं काही बिघडलेलं नाही. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० मध्ये एका दिवसाची, दोन अनोळखी माणसांची गोष्ट होती; २०१५ मध्ये लग्न, २०१८ मध्ये बाळ. त्या मालिकेला पुढचे भाग आयुष्यानेच काढून दिले. ‘टाइमपास’ची गंमत त्याहून वेगळी. २०१५ च्या दुसऱ्या भागात दगडू-प्राजक्ता एकदम मोठे झाले, नटही बदलले. २०२२ च्या तिसऱ्याला मागे वळून मधला कॉलेजातला दगडू शोधावा लागला, कारण लोकांचा जीव त्याच्यात अडकला होता. ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ मध्ये एसटीतून गणपतीपुळ्याला गेला आणि वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, कोकण रेल्वेने. वाहन बदललं, नवस तोच, आणि मधल्या वीस वर्षांत पहिला भाग टीव्हीवर बघत मोठी झालेली पोरं तिकीट काढायला आली. याउलट ‘हाऊसफुल’चा पाचवा भाग २०२५ च्या जूनमध्ये दोन वेगवेगळ्या शेवटांसह लागला, खुनी कोण, हे तुम्ही कुठल्या शोला बसलात त्यावर ठरायचं. विक्रीची युक्ती म्हणून मला ती आवडली. पण ज्या गोष्टीचा शेवट कुठलाही चालतो, तिला शेवटाची फारशी निकड नसणार, असंही मनात आलं.

जुन्या मराठी चित्रपटांना हे दुसऱ्या-तिसऱ्या भागाचं वेड नव्हतं. ‘धूमधडाका’ १९८५ चा, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, दोन्ही आजही टीव्हीवर लागले की माणूस जेवता जेवता थांबतो, आणि त्यांचे पुढचे भाग कुणी काढले नाहीत. गरजच पडली नाही. लोक अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासाठी यायचे. गोष्ट दर वेळी नवी, जोडी तीच. मालिका होती, फक्त ती नावाची नव्हती, माणसांची होती. याला ठळक अपवाद ‘झपाटलेला’. १९९३ च्या त्या चित्रपटामागे १९८८ च्या अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’ची प्रेरणा होती हे उघड आहे. तिकडच्या चकी बाहुल्याचे सात चित्रपट झाले, वर एक नवा अवतार आणि टीव्ही मालिकाही झाली. आपल्या तात्या विंचूला दुसरा भाग मिळायला २०१३ उजाडलं. तोवर लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन नऊ वर्षं होत आली होती, आणि दुसरा भाग लक्ष्याच्या मुलाची गोष्ट होऊन, थ्रीडीचा चश्मा घेऊन आला. रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला मात्र तसाच्या तसा. बाहुल्याचं वय वाढत नाही, तो तारखा देत नाही, मानधन वाढवून मागत नाही. मालिकेसाठी याहून चांगला नट सापडायचा नाही. अडचण एवढीच की पहिला भाग लोकांना बाहुल्याइतकाच त्याला घाबरणाऱ्या लक्ष्यासाठी आठवतो.

बैठकीतून एवढंच निघालं की पुन्हा बैठक घ्यावी. मी मध्ये लालबागला जाऊन आले. पहिला भाग ज्या चाळीत चित्रित झाला ती आता रिकामी केलेली आहे, रहिवासी भाडं घेऊन इकडेतिकडे पांगलेत. शेजारच्या चाळीत ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे संध्याकाळी बसले. गॅलरीत काकू मेथी निवडत होत्या, दोन पोरं मोबाइलवर, खालच्या मजल्यावरचे गिरणीत काम केलेले एक आजोबा. मी विचारलं, लंडनच्या भागात काय होतं? कुणालाच धड सांगता येईना. “ते पडतात ना पाण्यात,” असं एक पोरगा म्हणाला, आणि ते दृश्य दुसऱ्या भागातलं, कोकणातल्या विहिरीचं होतं. पण पहिल्या भागातला पावतीपुस्तकाचा प्रसंग दोन्ही पोरांनी उभं राहून करून दाखवला. मुलगा स्वतःच्याच बापाकडे वर्गणी मागायला येतो, पावती ५०१ ची फाडतो. बाप ५१ काढून देतो, पावती उलटी करून त्याच्याच पेनने मागे लिहून घेतो, “बाकी येणे नाही”, आणि सही करायला लावतो. धाकट्याने बापाचं सही तपासणंसुद्धा केलं, चश्मा कपाळावर सरकवून. तो पहिला भाग आला तेव्हा हा पोरगा पाळण्यात असणार.

मग आजोबा म्हणाले, “त्यांची चाळ पाडली म्हणे. आता ते तिघे राहतात कुठे?”

चित्रपटातल्या माणसांबद्दल विचारत होते ते. मी टिपण लिहायला बसले तेव्हा हा प्रश्न पहिल्या ओळीत घातला, कारण चौथ्या भागाची मागणी करणारा प्रेक्षकाचा प्रश्न मला तेवढा एकच मिळाला होता. बाकी सगळे प्रश्न धंद्याचे होते.

टिपणात मी म्हटलं की दुबई सोडा. तिघांना नेण्यासारखी एकच जागा उरली आहे आणि ती म्हणजे त्यांची स्वतःची चाळ, पुनर्विकासाच्या सहीच्या दिवशी. लालबाग-परळ-गिरगावातल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे म्हाडाचा दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या, इमारतींना विकास नियमावलीतल्या ३३(७) च्या नियमाखाली पुनर्विकास करायचा तर ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. समजा चाळ बरोबर मधोमध फाटली आहे आणि सगळं एका खोलीच्या सहीवर येऊन थांबलंय. एका मित्राला सही हवी आहे, त्याला दोन मुलं आहेत आणि सार्वजनिक संडासाचा वीट आलाय. दुसऱ्याचा बाप, तोच पावतीवाला, या खोलीतूनच मला न्या म्हणतोय. आणि ती एक खोली तिसऱ्या मित्राची आहे, जो लंडननंतर या दोघांशी बोलत नाही, विरारला राहतो आणि किल्ली स्वतःकडे ठेवून बसलाय. नकार दिलेल्या नटाचा प्रश्नही यातच सुटू शकतो. त्याचं नसणं हीच कथेतली अडचण होते. तो शेवटी येतो, मोजक्या दिवसांच्या तारखा लागतात, आणि पडायचं कुठेच नसतं.

तीन भागांत या तिघांचं एकमेकांशी कधीच मूळ मुद्द्यावर भांडण झालेलं नाही. चुका झाल्या, गैरसमज झाले, सगळे शेवटच्या आरतीत मिटले. भागीदारीत धंदा करणाऱ्या तीन मराठी मित्रांमध्ये इतकी वर्षं पैशांवरून वाजलं नाही, यावर माझा विश्वास नाही, आणि प्रेक्षकाचाही नसावा. ती थकबाकी चौथ्या भागात वसूल करता येत असेल तर भाग काढावा. नसेल तर त्याच तिघांना घेऊन नव्या नावाने नवी गोष्ट करावी, जुन्या जोड्यांसारखी. आणि तेही जमत नसेल तर नाव ठेवून द्यावं. महामंडळाकडच्या नोंदणीला खायला लागत नाही.

अपेक्षेप्रमाणे वितरक उखडले. “चाळ पाडणार, म्हातारा रडणार. लोक हसायला येतात हो!” त्यांना मी सोसायटीच्या सभेला बसायला सांगितलं. मुंबईत त्याहून विनोदी जागा मला माहीत नाही. पार्किंगवर तासभर भांडणारा माणूस, ज्याच्याकडे सायकलही नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना झोपलेले अध्यक्ष. आणि आमच्या तिघांचा तर धंदाच मंडपाचा. बिल्डरच्या सादरीकरणाचा मंडप घालायचं आणि प्लायवूडचा नमुना फ्लॅट उभा करायचं कंत्राट त्यांनाच मिळतं. खोली मोठी दिसावी म्हणून नमुना फ्लॅटमधलं फर्निचर आखूड बनवून ठेवायची पद्धत आहे. ते आखूड पलंग याच तिघांनी सुताराकडून करून घेतलेत, आणि उद्घाटनाच्या दिवशी पावतीवाला बाप त्यावर आडवा होऊन बघतो. पाय गुडघ्यापासून बाहेर. हा प्रसंग सांगितल्यावर वितरक हसले, आणि हसल्याचा त्यांना थोडा रागही आला.

निकाल असा लागला. दुबई रद्द झाली, तिथल्या चित्रीकरणाची व्यवस्था बघणाऱ्या एका लाइन प्रोड्यूसरला दिलेली आगाऊ रक्कम बुडाली. पुतण्याने पोस्टर भिंतीवरून काढलं नाही, पण त्याविषयी बोलत नाही. दिग्दर्शकाला हवा होता तो पूर्णविराम मिळालेला नाही. तरी एवढा एकच भाग, यानंतर नाही, असं त्याने निर्मात्यांकडून लेखी घेतलंय. त्या कागदाची किंमत सिनेमाधंद्यात काय असते ते त्यालाही माहीत आहे. मानधनाचा तिढा निम्मा सुटला: दोघांनी आगाऊ रक्कम कमी करून नफ्यात वाटा मागितला आणि निर्माते तयार झाले. आता त्या दोघांनाही चौथा आठवडा तेवढाच महत्त्वाचा झालाय, जो आधी फक्त दिग्दर्शकाला होता. या सगळ्या प्रकरणातला हा बदल मला कथेतल्या बदलाइतकाच मोठा वाटतो. विरारच्या मित्राची भूमिका करणाऱ्या नटाने अजून होकार दिलेला नाही; बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे पूर्ण तयार पटकथा, वाचून सांगतो म्हणालाय.

पोस्टरवर आकडा असावा की नाही, यावर मात्र मी वितरकांच्या बाजूने मत दिलं. सातचा शो त्या आकड्यामुळे मिळणार असेल तर तो असू दे. दिग्दर्शक त्यावरून चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

लेखकद्वयीचा दुसरा खर्डा वाचायला आलाय. पूर्वार्ध छान जमलाय, बापाचं पात्र तर पहिल्या भागापेक्षा खणखणीत. उत्तरार्धात बिल्डर आपल्या खर्चाने तिघांना सिंगापूरच्या इमारती दाखवायला नेतो, असा एक पंधरा मिनिटांचा भाग शिरलाय, गाण्यासकट. तो काढा म्हणून कळवलंय.